अल्फा ०.९३ आला, पण ग्रीक वाचकाने प्रश्न काय समजून वाचला?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही अथेन्समधल्या एका संशोधन गटात आकडेवारीचं काम बघता. आघातोत्तर तणाव विकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी वापरली जाणारी पीसीएल-५ ही प्रश्नावली तुमच्या गटाने इंग्रजीतून ग्रीकमध्ये आणली. उलट-भाषांतर करून, म्हणजे ग्रीक मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून, ती मूळ मजकुराशी ताडून पाहिली आणि दोनशेच्या आसपास लोकांकडून ऑनलाइन भरून घेतली. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा निर्देशांक, ०.९३ आला, नैराश्याच्या मापनीशी सहसंबंध ०.७ च्या घरात आला. आता ही प्रश्नावली वैध ठरली असं म्हणता येईल का, आणि कटऑफ म्हणून, म्हणजे 'आजार असावा' असं मानण्याची गुणांची रेषा म्हणून, ३३ वापरू का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींचं उत्तर 'अजून नाही'. झालेलं काम वाया गेलेलं नाही, पण ते कामाच्या सोप्या बाजूचं आहे. मी बरीच वर्षं अशा मापन्या मराठीत आणण्याच्या कामात आहे, आणि ग्रीक सहकाऱ्यांबरोबर शब्दाशब्दावर तासन् तास बसले आहे. ते डोळ्यासमोर ठेवूनच लिहिते आहे.

आधी अल्फाचं बघू. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न आहेत. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.३ असला तरी वीस प्रश्नांचा अल्फा सुमारे ०.९० येतो. तो ०.४ असला की ०.९३. म्हणजे तुमचा आकडा एवढंच सांगतो की हे वीस प्रश्न एकमेकांबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होतात. ते नेमकं काय मोजतात हे त्यात कुठेच नाही. त्रासलेल्या माणसांना त्रासाविषयीचे कुठलेही वीस प्रश्न विचारले, अर्धे झोपेचे, अर्धे उदासीचे, तरी अल्फा असाच देखणा येईल. त्यामुळे अहवालात अल्फा द्या, सोबत ओमेगा हा त्याच जातीचा दुसरा निर्देशांकही द्या, पण त्यावर वैधतेचा दावा उभा करू नका.

खरा प्रश्न असा आहे: कागदावरचं वाक्य वाचताना ग्रीक माणसाच्या मनात जे येतं, ते मूळ प्रश्नाला अपेक्षित असलेलंच असतं का? ग्रीकच्या बाबतीत हा प्रश्न इतर भाषांपेक्षा जास्त फसवा आहे, आणि त्याचं कारण तुमच्या उलट-भाषांतरातच दडलेलं आहे.

मानसशास्त्राची इंग्रजी परिभाषा बरीचशी ग्रीक धातूंवर उभी आहे. 'ट्रॉमा' हा शब्दच ग्रीक. पण आजच्या ग्रीकमध्ये 'त्राव्मा' म्हणजे आधी जखम: गुडघा फुटला, डोक्याला मार लागला, टाके पडले, ते सगळं त्राव्मा. मनाच्या जखमेलाही हाच शब्द चालतो, पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला आधी शरीर आठवण्याची शक्यता मोठी आहे. 'तुमच्या आयुष्यातल्या त्राव्मा देणाऱ्या घटनेचा विचार करा' असं लिहिलंत, की ज्याला खरचटलंही नाही पण ज्याच्या डोळ्यांदेखत शेजारी गेला, तो माणूस 'मला काही झालं नव्हतं' म्हणून पुढे जाऊ शकतो. आणि उलट-भाषांतर करणारी व्यक्ती इंग्रजी उत्तम जाणणारी, त्यामुळे ती हा शब्द निमूटपणे 'ट्रॉमा' असा परत करणार. ताळा जुळला! पण तो जुळला कारण दोन्ही भाषांत शब्दाचा देह एक आहे. अर्थ एक आहे की नाही हे त्या ताळ्याने पाहिलेलंच नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. इंग्रजी 'एम्पथी'शी दिसायला जुळणारा ग्रीक शब्द आहे 'एम्बाथिया', आणि आजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आहे आकस, द्वेषबुद्धी. सहानुभावासाठी 'एन्सिनेस्थिसी' हा वेगळा शब्द वापरावा लागतो. कुणी अनवधानाने पहिला शब्द वापरला, तर घाईतलं उलट-भाषांतर त्याला सहज पास करील.

पीसीएल-५ च्या मूळ प्रश्नांत 'ट्रॉमा' हा शब्द येत नाही. तिथे 'तणाव देणारा अनुभव' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. त्याचं ग्रीकमध्ये 'स्त्रेसोगोना' अनुभव असं केलं की शब्द पाठ्यपुस्तकी होतो. सत्तरीच्या बाईला तो परका वाटतो, आणि तरुणाला परीक्षा, नोकरी, घरभाडं आठवतं. शिवाय ग्रीक बोलण्यात 'स्त्रेस' आणि 'आंखोस' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. आंखोस म्हणजे चिंता, पण रोजच्या बोलण्यात 'ताण आलाय' हेही त्यानेच सांगतात. म्हणून माझा सल्ला: सुरुवातीच्या सूचनेत एकाच शब्दावर भार टाकू नका. घटना कशा स्वरूपाची हवी हे साध्या वाक्यात लिहा: मृत्यू किंवा मृत्यूची भीती, गंभीर इजा, लैंगिक हिंसा, स्वतःवर ओढवलेली, डोळ्यांनी पाहिलेली किंवा अगदी जवळच्या माणसाच्या बाबतीत कळलेली. त्यानंतर ती घटना एका ओळीत लिहायला सांगा. तुमच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ही ओळ नसेल, तर दोनशेपैकी किती जणांनी घटस्फोट किंवा पदवीची परीक्षा मनात धरून उत्तरं दिली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्या मते तुमच्या आताच्या नमुन्याची सगळ्यात मोठी अडचण हीच असेल. आधी ती तपासा.

भावनांच्या शब्दांवर वेळ द्या. ग्रीकमध्ये 'स्तेनोखोरिया' नावाचा एक फार मोलाचा शब्द आहे. फोड केली तर 'अरुंद जागा', आणि अर्थ दुःख, काळजी, मनाला लागून राहिलेलं काहीतरी. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपण 'कोंडमारा' म्हणतोच. घटनेची आठवण झाल्यावर फार अस्वस्थ वाटणं, या चौथ्या प्रश्नासाठी हा शब्द जवळचा आणि घरगुती आहे. पण तो दुःखाकडे इतका झुकतो की तो वापरला तर तुमचा नैराश्याशी सहसंबंध आणखी चढेल. 'अनास्तातोसी', म्हणजे खळबळ, अस्वस्थता, हा पर्याय त्या मानाने बरा. तो नाम असल्याने आणखी एक पेच सुटतो: विशेषण घेतलं तर पुरुषासाठी 'अनास्तातोमेनोस' आणि बाईसाठी 'अनास्तातोमेनी' लिहावं लागतं, मग कागदभर तिरप्या रेघा. 'अस्वस्थ झालो/झाले' असं वीस वेळा वाचताना मराठी माणूसही कंटाळतो. नाम घेतलं की प्रश्न सगळ्यांचा होतो.

'नेव्रा' म्हणजे मज्जातंतू, पण 'मला नेव्रा आहेत' म्हणजे चिडचिड होते, डोकं फिरलेलं असतं. चिडचिडेपणाच्या प्रश्नात कंसात हा बोलीतला शब्द दिला, तर शहराबाहेरच्या वयस्कर लोकांना प्रश्न चटकन पोचेल. समितीतले प्राध्यापक तो 'अशास्त्रीय' म्हणून काढून टाकू पाहतील. तो तिथेच राहावा म्हणून भांडा.

उत्तरांचे पर्याय हा दुर्लक्षित विषय आहे. पीसीएल-५ चे पाच पर्याय ० ते ४, एकूण गुण ० ते ८०. ग्रीकमध्ये साधारणपणे 'काथोलू' म्हणजे अजिबात नाही, 'लिगो' म्हणजे थोडं, मग 'मेत्रिया', 'आर्केता' आणि शेवटी अतिशय. यातला 'आर्केता' निसरडा आहे. त्याचा एक अर्थ 'पुरेसं', दुसरा 'बऱ्यापैकी'. 'मेत्रिया'च्या तो बराच वर आहे असं प्रत्येकाला वाटेलच असं नाही. तुमच्याकडे आकडे आहेतच, तर लगेच एक काम करा: प्रत्येक प्रश्नात २ आणि ३ हे पर्याय खरोखर त्या क्रमाने चालतात का, हे प्रश्न-प्रतिसाद प्रारूप (त्रासाच्या पातळीनुसार कुठला पर्याय निवडला जातो ते दाखवणारं गणित) लावून बघा. उंबरठे, म्हणजे एका पर्यायावरून पुढच्यावर जाण्याच्या पातळ्या, उलटेसुलटे आले तर दोष लोकांचा नाही, शब्दाचा आहे. हेही बघा की भाषांतरात 'गेल्या महिन्यात किती त्रास झाला' याचं नकळत 'किती वेळा झालं' असं झालेलं नाही ना. वारंवारता आणि तीव्रता यांची अशी सरमिसळ मी पुष्कळदा पाहिली आहे.

हे सगळं समितीच्या टेबलावर सुटत नाही. त्यासाठी माणसांसमोर बसावं लागतं. पंचवीस-तीस जण घ्या: वेगवेगळ्या वयाचे, शाळा अर्धवट सोडलेले, बेटांवरचे, शहरातले. प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा: हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा, उत्तर देताना काय आठवलं, ३ का, २ का नाही? ही संवादी चाचणी म्हणजे प्रमाणीकरणाचा कणा आहे. एकदा मराठी मापनीत 'सतर्क राहणं' हे लक्षण म्हणून विचारलं होतं. गावातल्या बायकांनी ते 'सावध, शहाणी बाई' या अर्थी घेतलं आणि अभिमानाने 'खूप' म्हणून सांगितलं. भाषांतर माझं होतं. मुलाखती नंतर घेतल्या, आधी घेतल्या असत्या तर शंभर अर्ज फुकट गेले नसते. ग्रीकमध्ये याच, म्हणजे सतराव्या प्रश्नासाठी 'से एपिफिलाकी' हा शब्दप्रयोग सुचतो, पण अग्निशमन दलाच्या जवानासाठी तो ड्युटीचा शब्द आहे, तैनात असणं. तो ४ देईल आणि ते त्याच्या रजिस्टरचं वर्णन असेल.

ग्रीसमधल्या खऱ्या घटनांकडे बघितलं तर काही प्रश्न आणखी अवघड होतात. २३ जुलै २०१८ रोजी अॅटिकामधल्या माती या किनारी वस्तीत वणव्याने १०० हून अधिक माणसं गेली. लोक जीव वाचवायला समुद्रात शिरले. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तेम्पी इथे प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकून ५७ जण गेले, त्यात तरुण विद्यार्थी पुष्कळ. या दुसऱ्या घटनेनंतर रेल्वेच्या सुरक्षेसाठी जबाबदार कोण, या प्रश्नावर देशभर प्रचंड मोर्चे निघाले.

आता दहावा प्रश्न बघा. घडलेल्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला दोष देता का? डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या निकषात हा दोष विपर्यस्त समजुतीतून आलेला असावा लागतो. प्रश्नावलीत तो विपर्यास शब्दाने येत नाही. तेम्पीत मूल गमावलेली आई इथे ४ लिहील, आणि तिच्या म्हणण्यामागे सार्वजनिक प्रश्न उभा असेल. तो आजार म्हणून मोजायचा का? मला वाटतं प्रश्न बदलू नये, कारण मग इतर देशांशी तुलना तुटते. पण मुलाखतकाराने त्यावर वेगळी नोंद करावी आणि हा प्रश्न वगळूनही गुणांचं विश्लेषण द्यावं.

पहिला प्रश्न तर मला दरवेळी अडवतो. 'नको असलेल्या आठवणी' पुन्हा पुन्हा येतात का? शोकात असलेला बाप म्हणतो, माझ्या मुलीची आठवण मला नकोशी कशी असेल? मग तो ० लिहितो, रात्रभर जागा असूनही. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत चाळिसाव्या दिवशी, मग पुढे ठरावीक महिन्यांनी आणि वर्षाने 'म्निमोसिनो' म्हणजे स्मरणविधी होतो. आठवणं हे तिथे कर्तव्य आहे, प्रेमाचं लक्षण आहे. म्हणून आठवण 'मुलीची' आणि आठवण 'त्या क्षणाची' यातला फरक सूचनेत स्पष्ट करावा लागतो. टाळण्याच्या दोन प्रश्नांतही हेच: विधीला न जाणारा माणूस आठवणी टाळतोय, की चर्चशी त्याचा संबंधच नाही?

याच कारणाने पुनर्चाचणीची तारीख जपून ठरवा. एक ते दोन आठवड्यांचं अंतर ठीक, पण मधे चाळिसावा किंवा वर्षाचा दिवस येऊ देऊ नका. मातीच्या लोकांना जुलैत, हवेत धुराचा वास असताना विचारलेलं आणि नोव्हेंबरात विचारलेलं एक नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तिथे स्मरणाचा दिवस इंग्रजी तारखेपेक्षा अनंत चतुर्दशीला धरलेला असू शकतो. असं स्थानिक पंचांग प्रत्येक ठिकाणी असतं, ते आधी विचारून घ्यावं.

'ग्रीक भाषक' म्हणजे नेमके कोण, हेही अहवालात लिहा. सायप्रसमध्ये लोक शाळेत प्रमाण ग्रीक शिकतात आणि घरी सायप्रसची ग्रीक बोलतात. १९७४ च्या तुर्की आक्रमणातल्या विस्थापनाच्या आठवणी तिथल्या वयस्कर पिढीला आहेत. मेलबर्नमधल्या ग्रीक आजोबांची भाषा पन्नास-साठ वर्षांपूर्वी गाव सोडलं तेव्हाची. अथेन्सच्या विद्यार्थ्यांवर तपासलेली प्रश्नावली या दोघांना आपोआप लागू होत नाही. दोन्ही गटांकडून पुरेशी उत्तरं मिळाली तर मापन-समानता, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत सारखंच मोजते का, ते तपासा: आधी रचना तीच आहे का, मग प्रश्नांचे भार, मग उंबरठे. ती शेवटची पायरी जमली नाही तर दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करू नका.

घटकविश्लेषणावर, म्हणजे प्रश्न कुठल्या गटांत जुळतात या तपासणीवर, मी फार शब्द खर्च करणार नाही. उत्तरं क्रमवार आहेत, तर त्यासाठीचीच पद्धत वापरा, सरळ सरासरी धरून चालणारी नको. डीएसएम-५ चे चार गट आणि साहित्यात चर्चिलेलं सात घटकांचं प्रारूप, दोन्ही तपासा. सात घटकांचं जवळजवळ नेहमीच आकड्यांत किंचित चांगलं बसतं, पण दोन-दोन प्रश्नांचे घटक आणि त्यांच्यात ०.९ चा सहसंबंध असेल तर त्या किंचित सुधारणेने हुरळून जाऊ नका. घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं आणि धोका पत्करणं, हे दोन प्रश्न बहुतेक भाषांत कमकुवत निघतात. तुमच्याकडेही निघाले तर भाषांतराला लगेच दोष देऊ नका.

नैराश्याशी ०.७ सहसंबंध बघून घाबरू नका, पण तो एकटा छापूही नका. पीसीएल-५ चा तिसरा गट, म्हणजे नकारात्मक विचार आणि मनःस्थिती, नैराश्याशी जवळचा आहेच. दाखवायचं ते असं: आठवणी अंगावर येण्याच्या पाच प्रश्नांचा सहसंबंध नैराश्याशी कमी आणि आयईएस-आर सारख्या आघात-मापनीशी जास्त आहे. हा फरक दिसला, तर तुम्ही सर्वसाधारण त्रासापलीकडचं काही मोजताय असं म्हणायला आधार मिळतो.

आता कटऑफ. ३१ ते ३३ हा पल्ला अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासातून आला आहे. तिथली आजाराची टक्केवारी, तिथले उपचार मागायला आलेले लोक, तिथली भाषा, तिथल्या पर्यायांचे शब्द. तुमचा 'आर्केता' जर थोडा खाली सरकलेला असेल, तर तोच त्रास असणारा ग्रीक माणूस ३३ ऐवजी ३८ वर दिसेल. म्हणून कटऑफ तिथेच शोधावा लागतो, आणि त्यासाठी प्रशिक्षित चिकित्सकाची संरचित मुलाखत लागते. कॅप्स-५ ही त्यासाठी सर्वात मान्य. प्रश्नावली आधी, मुलाखत दोन-चार दिवसांत, आणि मुलाखतकाराला प्रश्नावलीचे गुण अजिबात माहीत नसावेत. मुलाखतीचंही ग्रीक भाषांतर नीट झालेलं हवं, आणि काही मुलाखती दोघांनी स्वतंत्रपणे गुणून त्यांची सहमती द्यावी. हे खर्चिक आहे. म्हणूनच बहुतेक गट ते टाळतात, आणि म्हणूनच कागदावर प्रमाणित आणि वॉर्डात निरुपयोगी अशा मापन्या साठतात.

कटऑफ मिळाल्यावरही एक हिशेब सोबत ठेवा. समजा संवेदनशीलता (आजार असलेल्यांना ओळखण्याचं प्रमाण) ०.८५ आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना वगळण्याचं प्रमाण) ०.८५ आली. आघात-चिकित्सालयात निम्म्या लोकांना आजार असेल, तर प्रश्नावलीत 'आहे' निघालेल्या शंभरातल्या ८५ जणांना तो खरंच असतो. पण वणव्यानंतर अख्ख्या गावात वाटली आणि आजार ५ टक्क्यांना असेल, तर 'आहे' निघालेल्या शंभरात तो जेमतेम २३ जणांना असतो. प्रश्नावली तीच, कटऑफ तोच. त्यामुळे अहवालात 'वैध आहे' असं मोघम लिहू नका. कुठल्या लोकांत, कुठल्या कामासाठी, ते लिहा. छाननीसाठी खालचा कटऑफ, निदानाच्या जवळ जायचं तर वरचा. तो तुमच्याच नमुन्यातून निवडला असेल तर पुनर्नमुना पद्धतीने, म्हणजे त्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा निवड करून, तो किती हलतो ती मर्यादाही द्या, कारण ज्या आकड्यांवरून निवडला त्यांच्यावर तो नेहमीच जास्त चांगला दिसतो.

डीएसएम की जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, हे तुमच्या गटाने सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात पीटीएसडीची व्याख्या आटोपशीर आहे आणि गुंतागुंतीचा पीटीएसडी वेगळा आहे; त्यासाठी आयटीक्यू ही वेगळी छोटी प्रश्नावली आहे. पीसीएल-५ वरून आयसीडीचं निदान करू नका.

पुढच्या आठवड्यापासून काय करायचं, तर नवा डेटा गोळा करणं थांबवा. हातातल्या दोनशे अर्जांत घटना लिहिलेली असेल तर निकषात न बसणारे बाजूला काढा, आणि उरलेल्यांवर उंबरठ्यांची तपासणी करा. गटातल्या ग्रीक सहकाऱ्यांना वरच्या पंचवीस-तीसपैकी पहिल्या दहा संवादी मुलाखती घ्यायला सांगा, त्यातले निदान तीन जण माती किंवा तेम्पीशी संबंधित असावेत, आणि मुलाखतीनंतर त्याच दिवशी बोलता येईल असा समुपदेशक हाताशी असावा. पहिल्या, दहाव्या आणि सतराव्या प्रश्नांवर लोक जे बोलतील ते त्यांच्याच ग्रीक शब्दांत, न सुधारता टिपून घ्या. त्या नोंदी मला पाठवा, मग कुठला शब्द बदलायचा ते आपण बसून ठरवू.